बेगमी : घरातलं धान्य आणि त्याची किल्ली



या व्याख्यानाचा विषय मी संयोजकांना फोनवर सांगितला, तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक बोलणार म्हटल्यावर त्यांनी ज्ञान, मोक्ष, फार तर नीती अशी काहीतरी अपेक्षा धरली असणार. मी म्हटलं, "मला गव्हाच्या कोठीवर बोलायचं आहे." ते म्हणाले, "सर, कोठी म्हणजे… आपली पत्र्याची?" मी म्हटलं, "हो, तीच. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली."

तर आज त्या कोठीबद्दल बोलू. वर्षभराचं धान्य घरात भरून ठेवणं ही इतकी साधी गोष्ट आहे, की तिला इतिहास असेल असं आपल्याला वाटतच नाही. पण आहे. आणि त्या इतिहासात एक प्रश्न सारखा पुढे येतो, तो आजही सुटलेला नाही.

आपल्या नागपुरात एप्रिल उजाडला, की घराघरात एकच चौकशी सुरू होते. गहू आला का? यंदा लोकवन काय भाव? शरबती घ्यायचा की नाही? कोणी कळमन्याला जातं, कोणी इतवारीतल्या ठरलेल्या दुकानात. मग पोती घरी येतात, गच्चीवर चादरी पसरल्या जातात, नागपूरचं ऊन दोन-तीन दिवस आपलं काम करतं. गहू चाळला जातो, निवडला जातो. मग कोणी एरंडेलाचा हात लावतं, कोणी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतं. डाळींसाठी वेगळे डबे, तांदळासाठी वेगळे. आमच्या आईच्या काळी कोठीत बिब्बेसुद्धा टाकत. हे सगळं झालं, झाकण बसलं, की घरातली बाई कंबर सरळ करून एक वाक्य म्हणते : "चला, वर्षाची बेगमी झाली."

या 'बेगमी' शब्दापाशी जरा थांबू. शब्द फारसीतून आला आहे. बे म्हणजे 'शिवाय', गम म्हणजे दुःख, काळजी. 'बेगमी' म्हणजे मुळात काळजीमुक्त असणं, निश्चिंती. मराठीने काय केलं, तर ही निश्चिंती ज्या वस्तूमुळे येते त्या साठ्यालाच तो शब्द लावून टाकला. धान्याच्या राशीचं नाव निश्चिंती! तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी तीस-पस्तीस वर्षं 'दुःखनिवृत्ती' शिकवली. पण माझ्या आईला ती पत्र्याच्या कोठीत दिसत होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आता प्रश्न असा, की ही निश्चिंती कोणाची? आणि ती कोणाच्या जिवावर?

मागे किती जाता येतं, तर बरंच. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून पुढे बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. तिथे घरांमध्ये आणि घरांभोवती धान्य साठवायचे खड्डे सापडले, कणग्या ठेवायचे मातीचे गोल ओटे सापडले. आणि वस्तीच्या मध्यभागी एक पाच खोल्यांचं मोठं घर सापडलं. बाकीच्यांपेक्षा कितीतरी मोठं. त्याच्या शेजारी होतं धान्याचं कोठार. उत्खनन करणाऱ्यांनी ते घर वस्तीच्या प्रमुखाचं मानलं. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही दोन गोष्टी शेजारी-शेजारी उभ्या होत्या : घरोघरची लहान साठवण, आणि सत्तेच्या दाराशी असलेली मोठी साठवण. आपली आजची गोष्ट याच दोघींच्या नात्याची आहे.

जुन्या ग्रंथकारांनी या नात्याचा विचार केला नव्हता असं समजू नका. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थाश्रमी ब्राह्मणाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि ते कशावरून? घरात किती धान्य आहे त्यावरून! एक कोठीभर धान्य असलेला, दुसरा घडाभर असलेला, तिसरा तीन दिवसांपुरतं असलेला आणि चौथा ज्याच्याकडे उद्यासाठी काहीच नाही असा. आणि पुढे म्हटलं आहे, की यातला नंतरचा आधीच्यापेक्षा श्रेष्ठ. ऐकायला छान वाटतं. पण मी वर्गात एकदा हे सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आमच्या घरी तर पिढ्यान् पिढ्या उद्याचं काहीच नव्हतं. आम्हाला कोणी श्रेष्ठ म्हटलं नाही." वर्ग हसला. मला हसू आलं नाही. स्वेच्छेने रिकामी ठेवलेली कोठी आणि कोणी भरूच न दिलेली कोठी, दोन्ही दिसायला सारख्याच रिकाम्या. पण एकीला व्रत म्हणतात आणि दुसरीला उपासमार.

बौद्ध परंपरेतही हा प्रश्न आला, आणि चांगला पेटला. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर साधारण शंभर वर्षांनी वैशालीला दुसरी संगीती भरली. वाद दहा मुद्द्यांवर होता. त्यातला पहिला मुद्दा कोणता? भिक्षूने शिंगात मीठ साठवून जवळ ठेवावं की नाही! पुढे कधी अळणी भिक्षा मिळाली तर असावं म्हणून चिमूटभर मीठ. बस. आपल्याला वाटेल, काय क्षुल्लक गोष्ट. पण त्या स्थविरांना कळत होतं, की आज मीठ, उद्या तांदूळ, परवा कोठी. आणि कोठी आली की कुलूप आलं, कुलूप आलं की राखणदार आला. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे त्या शहरात बसून हा वाद पुन्हा वाचावा असं मला वाटतं.

कौटिल्य मात्र व्यवहारी. त्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराच्या अध्यक्षाची कामं सांगणारं एक प्रकरण आहे. त्यात तो सांगतो, की कोठारात आलेल्यातलं अर्धं जनपदाच्या आपत्तीसाठी बाजूला ठेवावं, अर्धं वापरावं, आणि जुन्याच्या जागी नवं भरत जावं. यात दोन तत्त्वं आहेत. जुनं आधी काढा, नवं मागे ठेवा, हे आपल्या घरातल्या बायका न वाचताच पाळतात. दुसरं तत्त्व घराच्या बाहेरचं आहे : साठ्यातला एक वाटा आपला नव्हे, तो वाईट वर्षाचा. ही दुसरी गोष्ट लक्षात असू द्या.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. आपल्याकडची खरी मोठी साठवण म्हणजे पेव. तरुण मंडळींनी शब्द ऐकला आहे, पण वेगळ्या अर्थाने. "शिकवणी वर्गांचं पेव फुटलंय," असं आपण म्हणतो. मुळात पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. जमिनीत पुरलेला रांजणच म्हणा ना. काळ्या मातीत ते टिकत नाही, कारण काळी माती पाणी धरते, फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पेव गावठाणात, पांढरीत, घट्ट किंवा मुरमाड जागी खोदत. आतून शेणमातीने लिंपत, तळाला आणि कडेला कडबा, तुरीच्या काड्या किंवा बांबूचे तट्टे लावत, ज्वारी भरत आणि तोंड दगड-मातीने बंद करत. याशिवाय घरात कणग्या असत, वाड्यांत जाड भिंतींच्या पोटात बळदं असत, बायकांच्या ताब्यात मडक्यांची उतरंड असे. पण दोन-चार वर्षांची ज्वारी राहायची ती पेवात.

ती राहायची कशी, हे शास्त्र समजून घेण्यासारखं आहे. धान्याचा दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. हवाबंद पेवात दाणे आणि त्यातले किडे मिळून आतला प्राणवायू संपवतात आणि कर्बवायू भरून राहतो. मग किडे मरतात. औषध नाही, पावडर नाही. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. म्हणून वरून स्वच्छ दिसणारा गहू दोन महिन्यांनी भुरभुरतो. ते किडेही पेवात गुदमरत. पण जो वायू किड्याला मारतो तो माणसालाही मारतो.

इथे मला माझ्या घरची गोष्ट सांगावी लागेल.

आमचं मूळ गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. आजोबांचं मध्यम शेत. अंगणाच्या कडेला पेव होतं. मी सात-आठ वर्षांचा असेन, म्हणजे १९५७-५८ च्या सुमाराची गोष्ट. उन्हाळ्यात पेव उघडलं. तोंडावरची माती उकरली, दगड बाजूला केला, आणि मोठ्या माणसांनी आम्हा पोरांना लांब हाकललं. काही वेळ पेव तसंच उघडं ठेवलं. मग दोरीला कंदील बांधून आत सोडला. कंदील विझला. सगळे थांबले. पुन्हा सोडला, पुन्हा विझला. तिसऱ्या की चौथ्या वेळी तो जळत राहिला. मग आमच्या सालदाराच्या कमरेला दोर बांधला आणि तो आत उतरला.

पेव आमचं, ज्वारी आमची; आणि कंदिलानंतर आत उतरणारा माणूस मात्र तो.

बाहेर निघालेल्या ज्वारीला एक आंबूस वास होता, तो अजून माझ्या नाकात आहे. मधली ज्वारी चांगली, कडेची आणि तळाची काळपट, लागलेली. चांगली कणगीत गेली. लागलेली सालदाराच्या टोपलीत. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आजीने तर वर पायलीभर चांगलीही घातली, आणि ती दयाळू बाई होती असंच आम्ही म्हणत आलो.

पुढचा भाग मला कॉलेजात असताना कळला. आषाढात, पेरणीच्या दिवसांत, तोच सालदार आमच्या दारात यायचा. घरातलं संपलेलं असायचं. आजोबा त्याला ज्वारी द्यायचे, दिढीने. दिढी म्हणजे आता एक पायली न्यायची आणि सुगीला दीड पायली परत करायची. वाढी-दिढी हा शब्द कोशात आहे, आणि तो व्यवहार गावोगाव होता; कुठे सवाई, कुठे दिढी. म्हणजे ज्या पेवात जीव धोक्यात घालून तो उतरला, त्याच पेवातली ज्वारी तो दिढीने उसनी नेत होता. सुगीला त्याच्या वाट्याचं धान्य आधी ते फेडण्यात जायचं आणि पुढच्या आषाढात तो पुन्हा दारात.

मी आजोबांना दुष्ट म्हणणार नाही. ते त्यांच्या काळाच्या रीतीने वागले, आणि त्या रीतीत दारात आलेल्याला नाही म्हणत नसत, हेही खरं. पण आमच्या घरची बेगमी ही दुसऱ्या घरच्या गमेवर उभी होती, हे मला सांगायला हवं. म्हणूनच 'कणगीत दाणा तर भिल्ल उताणा' या म्हणीची मला लाज वाटते. गरिबाच्या घरात चार दाणे आले की तो कामाला येत नाही, अशी ही मालकाची तक्रार आहे. उलट करून ऐका : त्याच्या कणगीत दाणा असला की तो आपल्या अटींवर काम करतो. म्हणीतला राग त्याच्या आळसावर नाही हो, त्याच्या निश्चिंतीवर आहे.

आता थोडं मागे जाऊ, एकोणिसाव्या शतकात. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याच वर्षाच्या शेवटी नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि त्यांची नजर वऱ्हाडावर गेली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजाराला रेल्वेचा फाटा मिळाला. शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा आला. ज्वारीच्या जागी कापूस आला, आणि गाडी गावाजवळ आली म्हणताना व्यापाऱ्याला धान्य विकणंही सोपं झालं. पेवात तीन वर्षं ज्वारी कुजवत कशाला ठेवायची? भाव आहे, विका. लागेल तेव्हा बाजारातून आणू.

हा विचार मूर्खपणाचा नव्हता, हे ध्यानात घ्या. चांगल्या वर्षी तो अगदी बरोबर होता. पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला आणि लगेच १८९९-१९०० मध्ये त्याहून व्यापक दुसरा. कापसामुळे पैसेवाला समजला जाणारा वऱ्हाडही त्यातून सुटला नाही. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांच्या नात्यावर पुस्तक लिहिलं आहे. ज्यांना खोलात जायचं आहे त्यांनी ते जरूर वाचावं. माझ्या दृष्टीने मुद्दा इतकाच, की रेल्वेने धान्य आणता येत होतं, पण रेल्वे धान्य नेते ती भूक आहे तिकडे नाही, भाव आहे तिकडे. ज्याच्याकडे ना पेव ना पैसा, त्याच्या गावावरून मालगाडी नुसती शिट्टी वाजवत गेली.

सरकारचं काय? आपल्या मध्य प्रांताचे १८६२ ते १८६७ या काळातले चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांचं उदाहरण बोलकं आहे. १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोक जगवले. शाबासकी मिळाली का? छे! उधळपट्टी केली म्हणून टीका झाली. १८७७ मध्ये मद्रासकडच्या दुष्काळात तेच टेंपल गेले, आणि या वेळी दुष्काळी कामावरच्या मजुराला रोज एक पौंड धान्य आणि एक आणा पुरे, असं त्यांनी ठरवलं. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. आणि काम खडी फोडण्याचं. नंतरच्या १८८० च्या दुष्काळ आयोगाचं धोरणही असंच, की सरकारने धान्याच्या खाजगी व्यापारात हात घालू नये. म्हणजे कौटिल्याने सांगितलेला आपत्तीचा अर्धा वाटा ना घरात उरला, ना राजाच्या कोठारात. किल्ली गेली व्यापाऱ्याकडे.

या 'किल्ली' शब्दावरून मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतात. बहामनी सुलतानाचा अंमलदार. दुष्काळात सरकारी कोठार उघडून त्याने लोकांना धान्य दिलं, आणि पुढे विठ्ठलाने विठू महाराचं रूप घेऊन त्याची रक्कम दरबारात भरली, अशी कथा. कथेचा इतिहास किती, हा प्रश्न बाजूला ठेवा. लोकांनी ती शतकानुशतकं का सांगितली, ते पाहा. कोठार भरणाऱ्याची कथा लोकांना आठवत नाही. योग्य वेळी उघडणाऱ्याची आठवते.

विसाव्या शतकात प्रश्नाने पुन्हा वळण घेतलं. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला, वीस-तीस लाख माणसं गेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं, की त्या वर्षी बंगालमध्ये धान्य काही इतकं कमी नव्हतं. लाखो लोकांची ते मिळवण्याची ताकद संपली होती. भाव चढणार म्हणून ज्याला शक्य तो साठवत होता, आणि साठवणुकीने भाव आणखी चढत होता. इथे साठवण आणि साठेबाजी यांच्यातली रेघ पुसट होते. मध्यमवर्गीय घराने घाबरून भरलेली चार पोती काय, की व्यापाऱ्याने दाबून ठेवलेली चार हजार काय, रस्त्यावरच्या माणसाला दोन्ही सारखीच बंद.

ॲरिस्टॉटलने हा फरक एका कसोटीने केला होता. घर चालवण्यासाठी लागणारी संपत्ती वेगळी आणि पैशाने पैसा वाढवण्यासाठी लागणारी वेगळी. पहिलीला मर्यादा असते, कारण पोटाला मर्यादा आहे. दुसरीला नसते. आपल्या भाषेत सांगायचं तर, कोठी भरली की बाई म्हणते "झालं". साठेबाज कधीच "झालं" म्हणत नाही.

स्वतंत्र भारताने ही रेघ कायद्याने ओढायचा प्रयत्न केला. १९५५ मध्ये जीवनावश्यक वस्तू कायदा आला, १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालं. म्हणजे राजाचं कोठार पुन्हा उभं राहिलं. आमच्या घरचं पेव त्याच सुमारास बुजलं. संकरित ज्वारी आली होती, पीक भरपूर, पण आजी म्हणायची, "ही ज्वारी राहत नाही, लगेच सोंडे लागतात." शिवाय कापूस होताच, आणि धान्य बाजारात मिळत होतं. पेवात घरातला केरकचरा, माती भरली. त्यावर गुरांचा गोठा झाला.

मग १९७२ आलं. मी तेव्हा नागपुरात एम.ए. करत होतो. दुष्काळाचा कहर पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात जास्त होता, पण झळ आमच्याकडेही लागली. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. सुट्टीत गावी गेलो, तेव्हा रेशन दुकानाच्या रांगेत आजोबा पिशवी घेऊन उभे होते. त्यांच्या पुढे चार माणसं सोडून आमचा तो जुना सालदार. दोघांच्या पिशवीत तीच लाल मिलो. आजोबांना ती रांग फार लागली. त्यांची प्रतिष्ठा पेवात होती आणि पेव बुजलं होतं. सालदाराला मात्र ती रांग लागलेली दिसली नाही. तो मला म्हणाला, "बापू, इथं दिढी नाय ना गा." आयुष्यात पहिल्यांदा त्याला धान्य मिळत होतं ते कोणाच्या दारात न वाकता.

त्या एका वाक्याने माझं बरंच तत्त्वज्ञान दुरुस्त झालं. पेव गेलं म्हणून मी हळहळतो. हवा बंद करून धान्य राखायची ती विद्या खरोखर मोठी होती. पण ज्याच्यासाठी पेव म्हणजे खाली उतरायचा दोर होता, त्याच्यासाठी रेशनची रांग ही मुक्तीच होती.

त्याच दुष्काळात आणखी एक मोठी गोष्ट घडली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हातात मजुरी पडत होती, म्हणून बाजारातलं धान्य त्यांच्यापर्यंत पोचलं. यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कोठारात धान्य, हातात काम आणि दोन्हींवर हक्क. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला, तोही याच वाटेवरचा.

मग आता प्रश्न सुटला का? दोन गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली, मार्च २०२०. २५ तारखेला टाळेबंदी लागली. त्याच्या आदल्या दिवसांत आपण सगळ्यांनी काय केलं? मी सांगतो, मी काय केलं. दुकानात जाऊन दहा किलो लागत असताना तीस किलो कणीक आणि सहा महिन्यांची डाळ आणली. घरी आलो, कोठीचं झाकण लावलं, आणि तोंडून आईचंच वाक्य आलं : झाली बेगमी. काही दिवसांनी आमच्या नागपूरच्या बाह्यवळण रस्त्यावरून माणसं चालू लागली. हैदराबादकडून येणारी, मध्य प्रदेशाकडे, उत्तर प्रदेशाकडे, बिहारकडे जाणारी. डोक्यावर बोचकी, काखेत पोरं. नागपूर देशाच्या मध्यावर आहे याचा आपल्याला अभिमान. तर देशाच्या मध्यातून भूक चालत गेली. अनेक नागपूरकरांनी तेव्हा रस्त्यावर चुली मांडल्या, हेही सांगायला हवं. आमच्या कोठीतलंही मग थोडं गेलं. पण आधी भरताना मी ॲरिस्टॉटलची कसोटी विसरलो होतो, हे कबूल करतो.

दुसरी गोष्ट त्याहून शांतपणे घडली, म्हणून तिच्याकडे लक्ष कमी गेलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलोने, माणशी पाच किलो धान्य मिळत असे. त्या जिल्ह्यांत आमचा वर्धाही आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्य सरकारने त्याऐवजी माणशी महिना दीडशे रुपये खात्यात द्यायचं ठरवलं. पुढे त्यात वीस रुपयांची भर पडली. कोणी म्हणेल, बरंच आहे, ज्याला जे हवं ते घेईल. पण हिशेब करा. गहू तीस रुपये किलो असेल, तर दीडशे रुपयांत पाच किलो येतो. भाव चाळीस झाला की पावणेचार किलो. पाच किलो धान्य मात्र भाव काहीही झाला तरी पाच किलोच असतं. १८७० च्या वऱ्हाडाने हाच सौदा केला होता : धान्य सोडा, रोख घ्या, लागेल तेव्हा बाजारातून आणा. चांगल्या वर्षी तो सौदा बरोबरच असतो, हे मी मघाशी म्हटलं. साठवण ही मुळात चांगल्या वर्षासाठी नसतेच.

आणि हा शेतकरी कोण? कापूस, सोयाबीन पिकवणारा. त्याच्या घरात आज पेव नाही, कणगी नाही, बऱ्याच ठिकाणी पत्र्याची कोठीही रिकामी. अन्न पिकवणाऱ्याच्या घरात बेगमी नाही, आणि ते न पिकवणाऱ्या माझ्यासारख्या निवृत्त माणसाच्या घरात वर्षाचा गहू.

मी कोणाला कोठी रिकामी करा असं सांगायला आलो नाही. उलट, भरा. एप्रिलमध्ये, सुगीला, बाजारात आवक असते तेव्हा भरा. घबराटीत भरू नका. चांगलं कडक वाळवा, बाराएक टक्क्यांहून जास्त ओल राहू देऊ नका, घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवा, जुनं आधी संपवा. आणि कृपा करून गोदामातल्या धुरीच्या, फॉस्फाईडच्या गोळ्या घरात आणू नका. त्यांतून निघणारा वायू झोपेत माणसं मारतो. पेवातल्या वायूची खूण कंदिलाने तरी कळायची, इथे कंदीलही कामाचा नाही.

पण कोठीचं झाकण लावताना कौटिल्याचा तो दुसरा वाटा आठवा. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईच्या घरात या महिन्याअखेरीला किती धान्य असतं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला परवापर्यंत माहीत नव्हतं. मी विचारलं. ती म्हणाली, "रेशन येईस्तोवर पुरते काका, पण मध्ये दोन-तीन दिवस ओढाताण होते." बारा वर्षं ती आमच्याकडे येते. बारा वर्षं आमच्या कोठीतला गहू तीच उन्हात घालते, तीच निवडते, तीच भरते.

आमच्या पेवात कोण उतरत होतं ते मी तुम्हाला सांगितलंच आहे.

यंदा आमच्याकडे गहू आणताना एक पोतं जास्त आणलं. ते तिच्या घरी गेलं, उसनं नव्हे. त्याने काही इतिहास बदलत नाही, आणि रेशनच्या हक्कासाठी भांडायचं काम त्याने संपत नाही. ते काम दानाने कधीच संपत नसतं. पण निदान या वर्षी ते वाक्य म्हणताना माझी जीभ अडखळली नाही.